पाऊण मिली

सुनेच्या हातून घाई झाली, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. हॉस्पिटलच्या चौकशीत तेच निघालं, मेट्रनने समोर बसवून हळुवारपणे तेच सांगितलं, आणि घरी तिचा नवरा रोज संध्याकाळी बूट काढता काढता तेच म्हणायचा: घाईत होतं असं, माणूस आहे शेवटी. घाई हा शब्द मोठा सोयीचा. त्यात निम्मा दोष माणसाचा असतो आणि निम्मा घड्याळाचा. बुडत्याने काडी धरावी तशी सून त्या शब्दाला धरून होती.

तिच्या सासूला सगळी गल्ली बाई म्हणायची. प्राथमिक शाळेत तिसरी-चौथीच्या वर्गांवर त्यांचं उभं आयुष्य गेलं होतं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी दूधवाला बाई म्हणे, इस्त्रीवाला बाई म्हणे, आणि चिडला की पोटचा मुलगाही बाईच म्हणे. हा मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याच्या स्वतःच्या इमारतीची लिफ्ट मात्र सदा बंद. चौथ्या मजल्यावर धापा टाकत पोचणारा प्रत्येक पाहुणा त्याला त्यावरून टोमणा मारल्याशिवाय पाणी पीत नसे. सून लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होती. नात तिसरीत होती. ती घरभर सारखी काहीतरी ओढत, उचलत फिरायची म्हणून तिला सगळे मुंगी म्हणायचे.

झालं होतं ते असं. वॉर्डात नऊ वर्षांची एक मुलगी होती. तिला झटके यायचे. त्या दुपारी झटका थांबेना, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, तीन मिलिग्रॅम द्या. औषधाची बाटली नवी होती. जुन्या बाटलीत एका मिलीत दोन मिलिग्रॅम औषध असायचं, या नव्या बाटलीत चार. सुनेने लेबल वाचलं होतं, चार हा आकडा तिला दिसलाही होता. तिने मनात भागाकार केला, सिरिंजमध्ये औषध ओढलं आणि दिलं. झटका थांबला. थोड्या वेळाने श्वासही मंदावला, आणि मग तोही थांबला.

नियमाप्रमाणे असा हिशेब दोन नर्सनी वेगवेगळा करून पाहायचा असतो. प्रत्यक्षात दुसरी फक्त सही करते, शेजारच्या बाकावरची पोरगी पाटीत डोकावून उत्तर उतरवते तशी. त्या दिवशीही सही झालेली होती.

डॉक्टर पोचेपर्यंत सून हाताने फुगा दाबून मुलीच्या छातीत हवा भरत राहिली. मुलगी जगली. पण मधल्या वेळात मेंदूला जे मिळायला हवं होतं ते मिळालं नव्हतं. आता ती तळमजल्यावरच्या खोलीत उघड्या डोळ्यांनी पडून असायची. आईने हाक मारली तर डोळे हलायचे, पण आईकडे वळायचे नाहीत. आईवडिलांना सांगितलं होतं की आजार आणि औषध दोन्ही मिळून श्वास दबला, कधीकधी होतं असं. मुलीच्या आईने पाहिलं होतं ते एवढंच, की एक सिस्टर घामाघूम होऊन फुगा दाबते आहे आणि थांबत नाही. ती बाई भेटेल त्याला सांगायची, त्या सिस्टरमुळे माझी पोर आहे.

सुनेला सक्तीच्या रजेवर घरी बसवलं. परत यायचं असेल तर औषधाच्या मात्रांची लेखी परीक्षा द्यायची होती. दहा गणितं होती आणि दहाही बरोबर यायला हवी होती. एक जरी चुकलं तरी सिरिंज पुन्हा हातात मिळणार नव्हती. सुनेने पुस्तक आणलं, वही आणली, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ती सूत्रं पाठ करू लागली. ओठ हलायचे, डोळे मिटलेले असायचे. वॉर्डाखेरीज तिला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही नकोही होतं. झोपेतून उठवून कुठल्याही पोराची शीर शोधायला सांगावं, पहिल्या टोचणीत सापडायची. आता हे दोन हात मांडीवर ठेवून ती पाठांतर करत होती.

बाई चार दिवस गप्प राहिल्या. सासू-सुनेचं एकेकाळी विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. नंतर दोघीही दमल्या आणि घरात शांतता नांदू लागली. ती शांतता मोडायची बाईंना भीती वाटायची. पण पाठांतर ऐकवेना. आयुष्यभर त्यांनी अशी पोरं पाहिली होती. घडाघडा म्हणणारी पोरं आकडा बदलला की घसरतात.

शेवटी एका दुपारी चहाचे कप ठेवून त्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, मी एक घालू का? सून हसली. म्हणाली, घाला की, तुमचा हात कोण धरणार.

बाईंनी साधंच गणित घातलं. एका मिलीत पाच मिलिग्रॅम औषध आहे. द्यायचंय दोन. किती मिली?

घाई नव्हती. कपातून वाफ येत होती, खिडकीबाहेर समोरच्या गच्चीवरच्या टाकीतून पाणी ठिबकत होतं, कुणी हाका मारत नव्हतं, कुणाचा श्वास अडकला नव्हता. सुनेने शांतपणे विचार केला आणि म्हणाली, ‘अडीच.’

बाईंनी कप खाली ठेवला. ‘कसं?’

‘पाचाला दोनने भागलं.’

‘दोनाला पाचने का नाही?’

सुनेने त्यांच्याकडे पाहिलं. मोठं माणूस गंमत करतंय की परीक्षा घेतंय, हे न कळल्यासारखं. ‘लहानाला मोठ्याने भाग कसा जाईल, आई?’

बाईंनी टेबलावरचं पुस्तक मिटलं. ही घाई नव्हतीच. हे कुठल्याही दुपारी, कितीही सावकाश, चहा पिता पिता पुन्हा झालं असतं. आणि ते वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं. भागाकार शिकवताना तिसरीच्या पोरांना सगळ्याच शाळांमध्ये ते सांगतात. पोरं गोंधळतात, रडकुंडीला येतात, वेळ कमी असतो. मग सांगायचं की मोठ्याला लहानाने भागायचं, लहानाला मोठ्याने भाग जात नाही. तिसरीपुरतं ते चालून जातं. अपूर्णांक पुढच्या वर्गात येतात, दुसऱ्या पुस्तकात, दुसऱ्या शिक्षकांकडे. तिथे गोल काढून त्याचे तुकडे रंगवतात. हे रंगवलेले तुकडे म्हणजे तो न जाणारा भागच, हे सांगणं मधल्या मधे राहून जातं. यांना वाटतं ते सांगतील, त्यांना वाटतं यांनी सांगितलं असेल.

बाईंनी मग खोदून खोदून विचारलं. इतकी वर्षं कसं निभावलं? सून प्रांजळपणे सांगत गेली. जुन्या बाटलीत दोन होतं. तीन द्यायचं असेल तर तीन भागिले दोन, दीड मिली. पाच असेल तर अडीच. एकच द्यायचं असेल तर अर्धा, ते काय, तोंडपाठच. तिचा नियम एकदाही चुकला नव्हता, कारण तो तोंडपाठ अर्धा सोडला तर त्या वॉर्डात द्यायचा आकडा नेहमीच बाटलीवरच्या आकड्याहून मोठा असायचा. नव्या बाटलीने फक्त लहानमोठ्याची अदलाबदल केली. तीन आणि चार. तिने नेहमीसारखाच मोठ्याला लहानाने भाग दिला.

‘चार भागिले तीन,’ सून म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. बाईंनी जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूच्या पट्ट्या कापल्या, सगळ्या एकाच लांबीच्या. मुंगी शाळेतून आली की दप्तर टाकून कात्रीवर हक्क सांगायची. रात्रीच्या जेवणाआधी मुलगाही टेबलाशी टेकायचा आणि म्हणायचा, या घरात आता मीच तेवढा ढ उरणार.

बाईंनी तीन पट्ट्या टेबलावर ठेवल्या. म्हणाल्या, आपण माणसं चार. सारख्या वाटा.

मुंगी म्हणाली, ‘पुरत नाहीत. बाबाला नको देऊ या.’

‘बाबाला पण द्यायचंय.’

मुंगीने नाक मुरडलं. सून नुसती बघत बसली होती. मग तिने एक पट्टी उचलली, दोनदा दुमडली आणि चार तुकडे केले. एकेकाला एक. दुसरी पट्टी, पुन्हा एकेकाला एक. तिसरीही तशीच. प्रत्येकापुढे तीन तुकडे आले. बाईंनी तिला तिचे तीन तुकडे एकापुढे एक लावायला सांगितले आणि शेजारी एक अख्खी पट्टी ठेवली.

‘किती आहे ही?’

‘पाऊण,’ सून म्हणाली. या शब्दाला तिला क्षणही लागला नाही. पाऊण कप, पाऊण तास, पाऊण वाट. आयुष्यभर तिच्या तोंडात असलेला शब्द.

‘आणि आपण काय केलं? तीन वस्तू चौघांत वाटल्या. तीन भागिले चार. गेला की नाही भाग?’

बाईंनी कागदावर भागाकाराचं चिन्ह काढलं. एक आडवी रेघ, वर एक टिंब, खाली एक टिंब. वरच्या टिंबावर तीन लिहिलं, खालच्या टिंबावर चार. म्हणाल्या, अपूर्णांक म्हणजे वेगळं काही नाही. टिंबांच्या जागी आकडे बसलेत एवढंच. वरचा आकडा म्हणजे जे वाटायचं ते, खालचा म्हणजे जितक्यांत वाटायचं ते. उत्तर शोधायला कुठे जावं लागत नाही, मांडलं की तेच उत्तर. लहान वर असेल तर उत्तर एकाहून कमी. कमी असतं म्हणून ते नसतं असं नाही.

सुनेने तो कागद जवळ ओढला. म्हणाली, ‘हे एवढंच होतं?’

बाईंना हे वाक्य नवीन नव्हतं. समजलं की पोरं असंच म्हणतात, आणि त्या वेळी त्यांचा चेहरा उजळतो. सुनेचा चेहरा उजळला नाही.

पुढे काम सरळ होतं. सुनेने कपाटातली रिकामी सिरिंज आणली, बाईंनी वाटीत पाणी घेतलं. एका मिलीत चार मिलिग्रॅम, म्हणजे एक मिलिग्रॅम पाव मिलीत. तीन मिलिग्रॅम पाऊण मिलीत. सून पाणी ओढायची, रेघेवर थांबायची, वाटीत परत सोडायची. बाई आकडे बदलायच्या. दोन आणि पाच, एक आणि आठ, सात आणि दहा. ती आधी हातानेच अंदाज दाखवायची की उत्तर एकाहून वर असेल की खाली, आणि मग भाग द्यायची. एकही चुकत नव्हतं. मुंगीला तर नवा खेळ मिळाला. घरात दिसेल ते ती चौघांत वाटू लागली. एकदा तीन खुर्च्या चौघांत वाटून दाखवत होती, तेव्हा मुलगा जमिनीवर बसला आणि म्हणाला, माझी पाऊण खुर्ची कुठाय? सूनही हसली. बाईंना वाटलं, निभावलं.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी बाई पट्ट्या आवरत होत्या. सून म्हणाली, राहू द्या थोडा वेळ. मला एक बघायचंय.

तिने एक पट्टी घेतली, चार भाग केले, तीन ठेवले. पाऊण. हे द्यायला हवं होतं. खाली तिने एक अख्खी पट्टी ठेवली आणि दुसऱ्या पट्टीचा तिसरा हिस्सा कापून तिला जोडला. चार भागिले तीन. हे दिलं होतं. सव्वापेक्षा जास्त, दीडपेक्षा कमी. त्याला बोलण्यात नाव नाही.

‘हे त्याच्या किती पट, ते कसं काढायचं?’

बाईंचे हात थांबले. काय चाललंय हे त्यांना कळलं. पण समोरचा विचारतोय आणि आपल्याला उत्तर माहीत आहे, अशा वेळी गप्प बसणं त्या कधी शिकल्याच नव्हत्या. विचारलं की सांगायचं, एवढंच हाडात मुरलेलं. त्या म्हणाल्या, दोन्हींचे तुकडे सारख्या मापाचे करायचे. चौथा हिस्सा आणि तिसरा हिस्सा, दोन्ही बाराव्या भागात मोजता येतात.

सुनेने पट्टीच्या बाराव्या हिस्स्याएवढ्या खुणा केल्या आणि कापायला सुरुवात केली. वरच्या ओळीत नऊ तुकडे झाले. खालच्या ओळीत सोळा. तिने ते पुन्हा मोजले, बोट ठेवून, मुंगी मोजते तसे.

‘नऊच्या जागी सोळा,’ ती म्हणाली. ‘पावणेदोनपट. वर थोडं.’

बाईंनी कात्री मिटून बाजूला ठेवली.

‘मला सगळे म्हणाले थोडं जास्त गेलं. मीपण तेच धरून चालले होते. पाऊण आणि एक, आणि वर जरासं. अर्ध्या मिलीच्या आसपास काहीतरी. थेंबच की ते.’ तिने खालच्या ओळीतले नऊ तुकडे एका बाजूला केले. सात उरले. ‘हे सात तिला द्यायचेच नव्हते, आई.’

मुंगी विचारायला आली की हे कुणात वाटायचं. सुनेने सगळे तुकडे गोळा करून तिच्या हातात दिले आणि म्हणाली, घे, तुलाच सगळे.

परीक्षेत दहापैकी दहा बरोबर आले. मेट्रनने स्वतः तपासलं. म्हणाली, सोमवारपासून ये. झालं ते झालं, पदरात घेतलंय आम्ही. हे सगळं सुनेने नंतर तुटक तुटक सांगितलं. बाहेर पडल्यावर ती जिन्याने सरळ दाराकडे गेली नाही. तळमजल्यावरच्या खोलीत गेली.

मुलीची आई मुलीच्या केसांना कंगवा करत होती. सुनेला पाहून तिचा चेहरा फुलला. म्हणाली, सिस्टर, किती दिवसांनी, कुठे होतात? तिने स्टूल पुढे केलं. सून बसली नाही. उभ्यानेच तिने सांगितलं, की आजारामुळे नाही झालं, औषध जास्त गेलं, ते मी दिलं, माझा हिशेब चुकला. एका श्वासात सांगितलं, कारण दुसरा श्वास घेतला असता तर राहिलं असतं.

मुलीची आई कंगवा धरून तशीच थांबली. मग तिने विचारलं, किती जास्त?

पाऊण मिली द्यायचं होतं, सून म्हणाली, एक पूर्णांक एक तृतीयांश दिलं. मुलीची आई नुसती बघत राहिली. तेव्हा सुनेने ट्रेमधली सिरिंज उचलली आणि रेघा दाखवल्या. इथपर्यंत हवं होतं, इथपर्यंत गेलं. दोन रेघांमधलं अंतर जेमतेम करंगळीच्या नखाएवढं होतं. मुलीच्या आईने ते अंतर नखाने मापून पाहिलं.

‘एवढंच?’ ती म्हणाली.

सुनेने सांगितलं, एवढंच नाही, जवळजवळ दुप्पट आहे, नऊच्या जागी सोळा. मुलीच्या आईला कळेना, कसले नऊ आणि कसले सोळा. ती पुन्हा त्या नखाएवढ्या जागेकडे बघू लागली. मग तिने सुनेचा हात हातात घेतला. म्हणाली, एवढ्याशा पाण्याने काय होतंय, सिस्टर. तुम्ही उगाच जिवाला लावून घेऊ नका. तुम्ही होतात म्हणून ती आहे.

आणि ती तेवढ्यावर थांबली नाही. भल्या मनाची बाई. तिला वाटलं, या सिस्टरला वरचे लोक छळत असणार. दुपारी ती जिने चढून मेट्रनच्या खोलीत गेली आणि हात जोडून म्हणाली, त्या सिस्टरला काही बोलू नका, मला सांगितलंय त्यांनी सगळं, जरासंच जास्त गेलं होतं, आमची काही तक्रार नाही. मेट्रनच्या खोलीत तेव्हा वरचे दोन डॉक्टर बसलेले होते. जे कुटुंबाला सांगायचं नाही असं ठरलं होतं, ते कुटुंबच येऊन सांगत होतं.

संध्याकाळी मुलाच्या फोनवर मेट्रनचा फोन आला. त्याने तो सुनेसाठी स्पीकरवर टाकला. सोमवारी येऊ नको. मग तिने आवाज खाली आणून विचारलं, तुला कुणी सांगितलं होतं गं तोंड उघडायला? त्या पोरीच्या आईने माफच केलं होतं तुला, तू काही न सांगता.

मुलाने फोन ठेवला आणि पहिल्यांदाच घाईबद्दल काही बोलला नाही. तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. सुनेने कोपऱ्यातली इस्त्री केलेली पांढऱ्या कपड्यांची घडी उचलली, कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली आणि टेबलाशी येऊन बसली. बाईही बसल्या. नोकरी गेली यावर त्यांना काहीतरी बोलायचं होतं, निदान तोंडदेखलं. पण सून नोकरीचा विचार करत नव्हती.

‘तिला समजलंच नाही, आई. मला समजावता आलं नाही. तिला वाटतंय थेंबभर जास्त गेलं.’ तिने टेबलावरची घडी पडलेली एक पट्टी सरळ केली. ‘तुम्ही याल माझ्याबरोबर? पट्ट्या घेऊन. तुम्ही सांगितलं की कुणालाही कळतं.’

बाईंच्या डोळ्यापुढे ती खोली आली. पलंगाच्या कडेला आपण बसलोय, कंगवा धरलेल्या बाईपुढे कागद ठेवतोय, एक ओळ नऊ तुकड्यांची, एक सोळांची. समजेल तिला. नक्की समजेल. आजवर ज्यांना समजलं नाही अशांचा त्यांनी पिच्छा सोडला नव्हता. आधी ती नुसती बघेल. मग मोजेल. मग म्हणेल, हे एवढंच होतं?

‘नाही,’ बाई म्हणाल्या. ‘तिला नको कळू दे. तिने काय करायचं कळून? तिला रात्रंदिवस त्या पोरीजवळ बसायचंय.’

सुनेने मान हलवली. पटल्यासारखी. मग तिने विचारलं, अगदी साध्या आवाजात, जसं गणितातलं पुढचं पाऊल विचारावं तसं, ‘मग मला का समजावलंत?’

बाईंना परीक्षेचं नाव घेता आलं असतं. तेच खरं कारण होतं, आणि त्याने आता काहीच भागत नव्हतं. समोरच्या गच्चीवरची टाकी ठिबकत होती. सून उत्तराची वाट बघत होती, आणि ते येणार नाही हे दिसल्यावर तिने हात मांडीवर घेतले. शीर पहिल्या टोचणीत शोधणारे ते दोन हात. आता त्यांना काही कामच नव्हतं.

मुंगी वही घेऊन आली. तिच्या वहीत लाल पेनाने एक मोठी फुली होती. तीन भागिले चार, असं गणित होतं. मुंगीने तीन लिहून खाली रेघ मारून चार लिहिलं होतं, आजीने दाखवलं तसं, आणि कंसात ठळक अक्षरांत पाऊण. टीचरने ते सगळं खोडून शेजारी लिहिलं होतं: भाग जात नाही.

मुंगी हिरमुसली नव्हती, तिला फक्त निकाल हवा होता. उद्या हेच परीक्षेत येणार होतं. ‘आजी, जातो ना गं भाग? तूच म्हणालीस. मी टीचरला सांगितलं, तर त्या म्हणाल्या शहाणपणा नको. काय लिहू?’

एरवी बाई पायांत चपला घालून सकाळी शाळेत हजर झाल्या असत्या. त्यांनी सुनेकडे पाहिलं. सून वहीतल्या त्या फुलीकडे बघत होती, कसलाही राग नसलेल्या, कसलीच अपेक्षा नसलेल्या नजरेने.

‘टीचर म्हणतात तसं लिही,’ बाई म्हणाल्या.

मुंगी खुर्चीवर गुडघे टेकून बसली, खोडरबर घेतलं आणि पाऊण पुसू लागली. तिने ते फार दाबून लिहिलं होतं. पुसून झालं तरी कागदावर खोलगट उरलं होतं. त्यावरच तिने नीट, सुवाच्य अक्षरात लिहिलं, भाग जात नाही, आणि वही आईपुढे सरकवून विचारलं, बरोबर?